दाढीवाले घंटाफूल: आल्प्सच्या कुरणांतील एका रानफुलाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नेमके कोणते फूल आहे?

कॅम्पॅन्युला बार्बाटा या शास्त्रीय नावाची ही वनस्पती कॅम्पॅन्युलेसी, म्हणजेच घंटापुष्पांच्या कुलातील आहे. जमिनीलगत केसाळ, लांबट पानांचा गोलाकार झुबका, त्यातून वर आलेला १० ते ४० सेंटीमीटर उंचीचा, सहसा फांद्या न फुटणारा दांडा आणि त्या दांड्याच्या वरच्या भागात बहुधा एकाच बाजूला लवलेल्या फिकट निळ्या किंवा निळसर जांभळ्या घंटा, असे तिचे रूप असते. प्रत्येक घंटा साधारण दोन ते तीन सेंटीमीटर लांब असते. घंटेच्या तोंडाशी, पाकळ्यांच्या कडांना आणि आतल्या बाजूला लांब पांढरे केस असतात आणि त्यांच्यावरूनच तिचे नाव पडले आहे. मराठीत तिला रूढ नाव नसल्यामुळे येथे ‘दाढीवाले घंटाफूल’ असे म्हटले आहे. क्वचित एखाद्या कुरणात निळ्या घंटांच्या गर्दीत शुभ्र पांढऱ्या घंटांचे झाडही दिसते. ती वेगळी जाती नसून याच जातीतील रंगभेद आहे.

कॅम्पॅन्युला या प्रजातीत, म्हणजे एकमेकींच्या जवळच्या जातींच्या गटात, चारशेहून अधिक जाती आहेत. त्यांतील कित्येकांची फुले दुरून एकसारखी वाटतात, त्यामुळे ओळख पटवण्याचा प्रश्न पुढे सविस्तर घेतला आहे.

ते कुठे आढळते?

मुख्यतः आल्प्समध्ये: फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली, ऑस्ट्रिया, दक्षिण जर्मनी आणि स्लोव्हेनिया या देशांत पसरलेल्या रांगांवर, साधारण १,००० मीटरपासून २,५०० मीटरपर्यंत आणि काही ठिकाणी त्याहूनही वर. याखेरीज चेकिया आणि पोलंड यांच्या सीमेवरील सुडेटन डोंगरांत त्याची लहान वस्ती आहे. दक्षिण नॉर्वेतही ते आढळते, आणि ही वस्ती आल्प्सपासून सुमारे दीड हजार किलोमीटर दूर, अगदी एकाकी आहे. मधल्या सपाट प्रदेशात या फुलाचा मागमूस नाही.

उंचीइतकेच महत्त्व जमिनीला आहे. ग्रॅनाइट, नाइस यांसारख्या खडकांपासून तयार झालेली, चुना नसलेली, आम्लधर्मी आणि पोषकद्रव्यांच्या बाबतीत दरिद्री माती त्याला मानवते. चुनखडीच्या डोंगरावर ते अजिबात नसते असे मात्र नाही. पावसाने वरच्या थरातील चुना धुऊन गेला असेल आणि कुजलेल्या पालापाचोळ्याचा आम्ल थर साचला असेल, तर तेवढ्या पट्ट्यात ते उगवते. त्यामुळे एकाच उतारावर चार पावलांच्या अंतराने ‘येथे आहे, तेथे नाही’ असा अनुभव येतो आणि मातीचा बदल डोळ्यांना दिसण्याआधी या फुलावरून लक्षात येतो.

फुलण्याचा काळ कोणता?

जून ते ऑगस्ट. खालच्या कुरणांत जूनच्या उत्तरार्धात पहिल्या घंटा उमलतात आणि बर्फ उशिरा वितळणाऱ्या वरच्या उतारांवर ऑगस्टमध्येही बहर टिकून असतो.

सारख्या दिसणाऱ्या इतर फुलांपासून ते वेगळे कसे ओळखावे?

तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली अर्थातच दाढी. दुसरी गोष्ट संवर्ताची, म्हणजे फुलाच्या बुडाशी असलेल्या हिरव्या पाच दलांची: प्रत्येक दोन दलांच्या मध्ये एक लहानसे, मागे देठाकडे वळलेले उपांग असते. हे उपांग पुष्कळ जण पाहतच नाहीत, पण फूल कोमेजून दाढी गळून गेल्यावर ओळखीला तेच उपयोगी पडते. तिसरी गोष्ट म्हणजे पानांचा आणि दांड्याचा खरखरीत केसाळपणा.

शॉयख्झरचे घंटाफूल, कॅम्पॅन्युला शॉयख्झेरी, याच कुरणांत उगवते. मात्र त्याच्या दांड्यावरची पाने अरुंद असतात, घंटा गडद जांभळी आणि अनेकदा एकटीच असते आणि तिच्या तोंडाशी केस नसतात. कॅम्पॅन्युला कॉक्लिआरिफोलिया हे बुटके, झुबक्यांनी वाढणारे फूल चुनखडीच्या घसरणीवर आणि खडकांच्या भेगांत सापडते. खरा गोंधळ होतो तो पूर्व आल्प्समधील कॅम्पॅन्युला अल्पिनाबाबत, कारण तेही केसाळ असते आणि त्याच्या संवर्तालाही उपांगे असतात. परंतु त्याचे झाड लोकरीसारख्या केसांचे व बुटके असते आणि त्याची फुले जवळजवळ बुडापासून निघून वर निमुळती होत जातात. फिकट पिवळ्या घंटांचे दाट कणीस दिसले तर ते कॅम्पॅन्युला थर्सॉइडीस. ते आयुष्यात एकदाच फुलते आणि बी धरून मरते.

जेन्शियनच्या निळ्या फुलांनाही अनेक जण घंटाफूल समजतात. ती फुले आकाशाकडे तोंड करून उभी असतात, त्यांचा निळा रंग बराच गडद असतो आणि त्यांच्या देठातून चीक येत नाही. घंटापुष्पांच्या कुलातील वनस्पतींमध्ये पांढरा चीक असतो.

या दाढीचा उपयोग काय?

ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ आंटोन केर्नर यांनी एकोणिसाव्या शतकात असा विचार मांडला होता की फुलांमधील केस, चिकट स्राव आणि अरुंद वाटा यांचे एक काम अनाहूत पाहुण्यांना रोखण्याचे असते. हा विचार येथे बसतो. मुंग्यांसारखे रांगत येणारे लहान कीटक मकरंद पिऊन जातात, पण एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडापर्यंत नेत नाहीत. त्यांना घंटेच्या तोंडाशी केसांचे कुंपण अडवते, तर भुंगमाशीसारखा दणकट कीटक तेच केस पायांत धरून उलट्या टांगलेल्या घंटेत सहज चढतो. ही उपपत्ती पटण्यासारखी आहे. तरीही एखाद्या अवयवाचे एकच काम ठरवून टाकण्याची घाई करू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याच प्रजातीतील बिनदाढीची कितीतरी फुले शेजारच्याच गवतात उत्तम फळतात.

परागण कसे होते?

या फुलातील सर्वांत पाहण्यासारखी गोष्ट ही आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

बहुतेक फुलांत पराग परागकोशावरूनच कीटकाच्या अंगाला लागतात. घंटाफुलात तसे होत नाही. कळी मिटलेली असतानाच पाच परागकोश, म्हणजे पराग तयार होणाऱ्या पिशव्या, मधल्या किंजलाभोवती, म्हणजे फुलाच्या मादी अवयवाच्या दांडीभोवती, नळीसारखे चिकटून उभे असतात आणि आतल्या बाजूने फुटून आपले सगळे पराग किंजलावर टाकतात. किंजलाच्या वरच्या भागावर बारीक केस असतात; बाटली घासण्याच्या ब्रशाप्रमाणे ते पराग अडकवून ठेवतात. कळी उमलते तेव्हा परागकोशांचे काम संपलेले असते. ते सुकून, वेडेवाकडे होऊन घंटेच्या बुडाशी पडलेले दिसतात आणि मध्ये उभा असतो परागांनी माखलेला किंजल. नवशिक्या निरीक्षकाला फूल रोगट वाटते ते या सुकलेल्या केसरदलांमुळे, म्हणजे परागकोश धरणाऱ्या नर अवयवांमुळे.

या वेळी फूल नर अवस्थेत असते. घंटेत शिरलेली मधमाशी मकरंदापर्यंत पोचण्याच्या खटपटीत किंजलाला अंग घासते आणि पराग घेऊन जाते. मकरंद किंजपुटाच्या, म्हणजे बी धरणाऱ्या भागाच्या, माथ्यावर तयार होतो आणि त्यावर केसरदलांच्या रुंद, केसाळ बुडांनी छत धरलेले असते. त्यामुळे जीभ लांबवल्याखेरीज किंवा जोर लावल्याखेरीज तो मिळत नाही. नंतर एक विलक्षण गोष्ट घडते. किंजलावरील केस हळूहळू स्वतःच्याच बुडात आत ओढले जातात, त्यामुळे त्यांनी धरून ठेवलेले पराग सुटे होतात. घंटापुष्पांच्या काही जातींत असे दिसून आले आहे की कीटकांचा स्पर्श वारंवार झाला, तर ही प्रक्रिया वेगाने होते, म्हणजे वर्दळ असेल तर नर अवस्था लवकर आटोपते.

पराग गेल्यावर किंजलाचे टोक तीन भागांत उलगडते. तोवर मिटून राहिलेला किंजल्काचा, म्हणजे या टोकाचा, पराग स्वीकारणारा पृष्ठभाग आता उघडा पडतो आणि फूल मादी अवस्थेत जाते. दुसऱ्या फुलावरून आलेले पराग त्यावर पडतात. पराग आधी देऊन नंतर घेण्याच्या या क्रमामुळे एकाच फुलात स्वपरागण होण्याचा संभव बराच कमी होतो. एका दांड्यावरच्या सगळ्या घंटा एकाच वेळी एका अवस्थेत नसतात. त्यामुळे एका झाडापाशी दहा मिनिटे बसले तरी काही घंटांत परागांनी माखलेला किंजल आणि काहींत तीन टोके वळलेला किंजल, असे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी पाहायला मिळतात.

घंटा खाली का लवलेली असते?

आल्प्समध्ये उन्हाळ्यातील दुपारी अनेकदा गडगडाटी पावसाच्या असतात. पराग भिजले की निकामी होतात आणि मकरंद पातळ होतो. खाली तोंड असलेल्या घंटेत दोन्ही कोरडे राहतात.

मधमाश्या या फुलात रात्री झोपतात, हे खरे आहे का?

होय. घंटापुष्पांवर जगणाऱ्या एकांड्या, म्हणजे पोळे न करणाऱ्या, मधमाश्यांचे नर संध्याकाळी घंटांमध्ये शिरून रात्र काढतात, आणि थंड, ओल्या सकाळी घंटा उचलून पाहिली तर आत निश्चल बसलेला नर सापडतो. केलोस्टोमा कॅम्पॅन्युलारम ही जेमतेम पाच-सहा मिलिमीटर लांबीची काळी माशी आपल्या पिलांसाठी केवळ घंटापुष्पांचेच पराग गोळा करते आणि वाळक्या लाकडात भुंग्यांनी पोखरलेल्या छिद्रांत घर करते. मेलिटा हेमोरॉयडॅलिस ही तिच्यापेक्षा मोठी माशीही घंटापुष्पांवरच अवलंबून असते. वरच्या, थंड कुरणांत मात्र खरी मदार भुंगमाश्यांवर असते, कारण अंगावरील दाट केसांमुळे त्या कमी तापमानातही उडू शकतात.

बी कसे पसरते?

फळ म्हणजे एक लवलेले बोंड असते. त्याची छिद्रे टोकाशी नसून देठाकडच्या बाजूला उघडतात, आणि बोंड उलटे टांगलेले असल्यामुळे ही बाजू वर येते. परिणामी बी आपोआप सांडून एका जागी ढीग होत नाही. वाऱ्याने दांडा हलला किंवा एखादी गाय घासून गेली की थोडे थोडे बाहेर फेकले जाते. बी अतिशय बारीक असते, पण त्याला पंख किंवा तुरा नसल्यामुळे बहुतेक बी आईच्या झाडाजवळच पडते. एकदा उजाड झालेल्या कुरणात हे फूल परत यायला वेळ लागतो, त्याचे एक कारण हेच आहे.

ते विषारी आहे का? खाता येते का?

ते विषारी म्हणून ओळखले जात नाही. याच प्रजातीतील कॅम्पॅन्युला रॅपन्क्युलस या जातीची मांसल मुळे युरोपात पूर्वी भाजी म्हणून खाल्ली जात. या कुलातील वनस्पती मुळांत पिष्टाऐवजी इन्युलिन साठवतात. दाढीवाले घंटाफूल मात्र खाण्यासाठी उपटू नये. एक मूळ उपटले की झाडच संपते, आणि हाती येणारा घास फारच लहान असतो.

कुरणाला खत घातले तर फुले वाढतील ना?

नाही, उलट जातील. हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्यामागची समजूत सर्वांत जास्त नुकसान करते.

या फुलाचे निवासस्थान म्हणजे नार्डस स्ट्रिक्टा या ताठर, तारेसारख्या गवताची माळराने. तेथे त्याच्या सोबतीला अर्निका, डोंगरी जिअम, सोनेरी पोटेंटिला, मोठ्या निळ्या घंटांचे जेन्शियन आणि लहान ऑर्किड असतात. या सर्वांमध्ये समान गोष्ट अशी की त्यांना थोडक्यात भागवता येते. माती दरिद्री असते तोवर उंच गवते जोर धरत नाहीत आणि जमिनीलगतच्या पानांच्या झुबक्याला ऊन मिळत राहते. शेणखत, रासायनिक खत किंवा चुना पडला की जोमदार गवते आणि रुंद पानांच्या वनस्पती एक-दोन हंगामांत वर येतात आणि झुबका सावलीत सापडतो. दाढीवाले घंटाफूल अल्पायुषी बहुवर्षायू आहे. फुलल्यावर ते फार वर्षे तग धरत नाही. म्हणून उजेड न मिळाल्यामुळे बियांपासून नवी रोपे येणे थांबले, तर काही वर्षांतच जुन्या झाडांची जागा रिकामी होते.

नुकसान किती काळ टिकते याचे एक बोलके उदाहरण स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेनजवळच्या शीनिगे प्लाटे येथे आहे. सुमारे दोन हजार मीटर उंचीवरच्या तेथील नार्डस कुरणात वनस्पतिशास्त्रज्ञ वेर्नर ल्यूडी यांनी १९३०च्या दशकात काही तुकड्यांवर चुना आणि खते घालून प्रयोग केला. चुना घालणे काही वर्षांतच थांबले. पुढे सुमारे सत्तर वर्षांनी तपासणी केली, तेव्हाही चुना घातलेल्या तुकड्यांतील वनस्पती आणि मातीतील सूक्ष्मजीव शेजारच्या तुकड्यांपेक्षा वेगळेच होते. उंचावरची माती थंड असते, तेथील सर्व प्रक्रिया संथ चालतात, आणि म्हणून एखाद्या शेतकऱ्याने चांगल्या हेतूने घातलेल्या चुन्याचा परिणाम त्याच्या नातवंडांच्या काळातही मिटत नाही.

मग चराई पूर्ण बंद करावी का?

तेही नको. वृक्षरेषेखालची, म्हणजे झाडे वाढू शकतात त्या उंचीखालची, ही बहुतेक कुरणे माणसाने झाडे तोडून आणि शतकानुशतके गुरे चारून उघडी ठेवली आहेत. जूनच्या सुमारास गुरे वर न्यायची आणि सप्टेंबरमध्ये खाली आणायची, ही स्वित्झर्लंडमधील उन्हाळी चराईची परंपरा युनेस्कोने २०२३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केली. चराई थांबली की आधी वाळक्या गवताचा थर साचतो, मग ऱ्होडोडेंड्रॉन आणि हिरवा आल्डर ही झुडपे शिरतात. यांतील आल्डर अधिक त्रासदायक, कारण त्याच्या मुळांतील जिवाणू हवेतील नायट्रोजन मातीत बांधतात. म्हणजे कोणीही खत न टाकता जमीन सुपीक होते आणि झुडूप तोडले तरी ती लगेच पूर्वपदावर येत नाही.

अतिचराईचा परिणाम वेगळा होतो. गुरांना नार्डसचे ताठर पान आवडत नाही, ती बाकी सर्व खाऊन तेवढे मागे ठेवतात आणि कुरण हळूहळू निव्वळ नार्डसचे होते. मध्यम चराई, तिच्याबरोबर येणारे थोडेफार शेण, आणि जेथे गवत कापतात तेथे बी पिकल्यानंतरची, म्हणजे उशिराची कापणी, हा व्यवहार या फुलाला मानवतो. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात डोंगराळ भागातील जातिसमृद्ध नार्डस कुरणांना अग्रक्रमाचा अधिवास मानले आहे, आणि अतिचराईने जातींचे दारिद्र्य आलेली कुरणे त्यातून वगळली जातात.

हवामान बदलाचा परिणाम होत आहे का?

युरोपातील ३०२ शिखरांच्या जुन्या व नव्या नोंदी ताडून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिखरांवरील वनस्पतींच्या जातींची संख्या वाढत असल्याचे आणि तो वेगही वाढत असल्याचे दिसून आले; खालच्या वनस्पती वर सरकत आहेत. उंच आल्प्समध्ये दाढीवाल्या घंटाफुलाला वर सरकायला जागा आहे. सुडेटनमध्ये ती नाही. तेथील ह्रुबी येसेनिक रांगेतील प्राडेद हे सर्वोच्च शिखर अवघे १,४९१ मीटरचे आहे, आणि वृक्षरेषा वर सरकली तर उघडे माळ आक्रसत जातील. या फुलाची चिंता आल्प्समध्ये मुख्यतः कुरणांच्या वापराविषयी आहे, तर सुडेटनमध्ये तिच्या जोडीला उंचीचाही प्रश्न आहे.

फुले तोडलेली चालतात का?

पोलंडमध्ये ही वनस्पती संरक्षित आहे. आल्प्समध्ये नियम देशाप्रमाणे, प्रांताप्रमाणे आणि राष्ट्रीय उद्यानाप्रमाणे बदलतात, म्हणून स्थानिक सूचना वाचाव्यात. नियम नसेल तेथेही तोडू नये. तोडलेली घंटा तासाभरात मलूल होते आणि फुलदाणीत तिची शोभा राहत नाही.

बागेत लावता येते का?

थंड हवामानात येते. निचरा उत्तम असलेली, खडी मिसळलेली, आम्लधर्मी माती आणि भरपूर ऊन हवे. खत देऊ नये. बी बारीक असल्यामुळे मातीवर पसरून ठेवावे, खोल पुरू नये, आणि कुंडी हिवाळ्यात बाहेर थंडीत राहू द्यावी. पहिल्या वर्षी पानांचा झुबका येतो आणि फुले बहुधा दुसऱ्या वर्षी. त्यानंतर झाड मरण्याची शक्यता असते, म्हणून दरवर्षी थोडे बी पेरत राहणे शहाणपणाचे. थंडीपेक्षा हिवाळ्यातील ओल त्याला जास्त बाधते, कारण डोंगरावर ते बर्फाखाली कोरडे राहते. उष्ण, दमट प्रदेशात ते जगवण्याचा अट्टाहास करू नये. बी विकत घ्यावे, कुरणातून झाड खणून आणू नये. त्याचे मूळ खोल जाते आणि तुटलेल्या मुळाचे झाड सहसा लागत नाही.

छायाचित्र काढताना काय काळजी घ्यावी?

दाढी आणि किंजल घंटेच्या आत असल्यामुळे लोक दांडा वाकवून फूल वर करतात आणि दांडा मोडतो. त्याऐवजी मोबाइल पुढचा कॅमेरा वर येईल असा जमिनीवर आडवा ठेवावा किंवा खिशातला लहान आरसा घंटेखाली धरावा. सकाळी दव सुकल्यावर आणि दुपारचे ढग जमण्याआधी प्रकाश घंटेच्या पातळ भिंतीतून आत झिरपतो. तेव्हा पांढरे केस एकेक करून मोजता येतील इतके स्पष्ट दिसतात. बसण्यापूर्वी पायाखाली पाहावे, कारण न फुललेले झुबके गवतात लपलेले असतात आणि पुढच्या वर्षीच्या घंटा त्यांच्यातूनच येणार असतात.